टाकीच्या तोंडाशी

धाकट्याने गळ्यातला बिल्ला काढून टाकीच्या तोंडाशी असलेल्या आकड्याला अडकवला आणि वहिनीकडे न बघताच शिट्टी पुढे केली.

"बिल्ला इथे आहे तोवर माणूस आत आहे. मधूनमधून हाक मारायची. उत्तर आलं नाही की शिट्टी. आणि..."

"आणि आत उतरायचं नाही," वहिनी म्हणाली. "वर्गात घोकून घेतलंय."

तिच्या डोक्यावरचं हेल्मेट सैल होतं, सारखं कपाळावर येत होतं. नवऱ्याच्या जागी लागून तिला पंधरवडाही झाला नव्हता. मुकादमाला माणसं कमी पडत होती. कोणाला कोणाच्या हाताखाली शिकायला घालतोय, याचा विचार करायला त्याला सवड नव्हती. नौदलाने मागितलेल्या रसदवाहू जहाजांपैकी गोदीत बांधलं जाणारं हे दुसरं. तेल, दारूगोळा, पीठ, औषधं पोटात घेऊन लढाऊ जहाजांच्या मागे जायचं आणि भर समुद्रात ज्याला जे हवं ते पुरवायचं. गोदीतले लोक त्याला युद्धातला वाढपी म्हणत.

पहिल्या जहाजाच्या अशाच एका टाकीत थोरला गेला होता.

बंद पोलादी टाकी रिकामी दिसते, पण ती स्वस्थ नसते. पोलाद गंजत राहतं आणि गंजताना आतल्या हवेतला प्राणवायू ओढून घेतं. मागे जे उरतं त्याला ना रंग, ना वास. आणि त्यात माणूस दोन-चार श्वासांत निमूट कोसळतो. म्हणून आधी पंख्याने हवा खेळवायची, मग मीटरने मोजायची, मगच उतरायचं. त्या दिवशी पंखा पलीकडच्या टाकीवर नेलेला होता. जहाज पाण्यात सोडायची तारीख जवळ आली होती. "दोन मिनिटांचं काम, हा आलोच," म्हणत थोरला शिडी उतरला.

तोंडाशी धाकटा होता. ओठ फुटेपर्यंत त्याने शिट्टी फुंकली, आणि तो उतरला नाही. पहिला चुकीने मरतो, दुसरा मायेने, असं शिकवतानाच सांगतात. पाठीला हवेची नळकांडी बांधून माणसं येईपर्यंत त्याला खाली थोरल्याचे बूट दिसत होते. जहाज ठरल्या तारखेला पाण्यात गेलं.

तेव्हापासून गोदीत त्याचं नाव शिट्ट्या पडलं. आई ताट वाढायची, बोलायची नाही. एकदाच, तेही शेजारणीला, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, "पाठचा भाऊ म्हणे! पाठीशी कुठे होता? काठाशी होता."

वहिनी मात्र चांगलं-वाईट काहीच बोलली नव्हती. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पंखा घरघरत होता. मीटरचा आकडा चांगला होता. धाकटा शिडीने उतरला, आडव्या पत्र्यातल्या भोकातून सरपटत पुढच्या कप्प्यात गेला आणि विजेरीच्या उजेडात सांधे तपासू लागला.

"आहात का?" वरून हाक आली.

"आहे!"

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, पुन्हा त्याने ओ दिली. तिसऱ्या हाकेला त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. असं काही त्याने ठरवलं नव्हतं. पण बसू दे, त्याला वाटलं. तिलाही बसू दे एकदा त्या जागी. त्याने विजेरी विझवली.

"भावोजी? अहो, भावोजी!"

मग शिट्टी वाजली. लांब, फाटकी, थांबून पुन्हा. अंधारात गुडघे पोटाशी घेऊन तो ऐकत राहिला. कळलं आता? कसं असतं ते? छातीतलं काहीतरी सैल होत होतं आणि त्याची त्याला शरमही वाटत होती.

शिट्टी थांबली. भोकातून येणारा उजेड अचानक मंदावला. शिडीच्या वरच्या पायरीवर एक बूट टेकला. मग दुसरा, त्याच्याही खाली.

"वहिनी! उतरू नका! वर जा, आधी वर जा!"

तो आवाज आपला आहे हे पोलादावरून तो परत आल्यावरच त्याला कळलं. गुडघे सोलवटत तो शिडीपाशी आला, वर चढला. वहिनी तोंडाशी बसकण मारून होती. मुकादम दोन माणसांना घेऊन धापा टाकत येत होता.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "चुकून वाजली."

मुकादमाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चुकून वाजलेली परवडते, बाई. वाजली नाही तर पंचाईत." आणि जाताजाता, "शिट्ट्या, नीट शिकव हिला."

ती माणसं दिसेनाशी झाली.

"मी मुद्दाम..." धाकटा म्हणाला.

"कळलं मला ते. परत असं केलंत ना, तर मीच ढकलेन तुम्हाला आत."

"तुम्ही उतरत होतात, वहिनी."

"हो." तिने आपल्या बुटांकडे पाहिलं. "घरी पोरगी आहे हेसुद्धा आठवलं नाही."

पंख्याची घरघर चालूच होती. तिने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"केवढ्यांदा ओरडलात."

"मग काय करणार? तुम्ही येत होतात."

तिने टाकीच्या तोंडातून खाली पाहिलं.

"त्यांनाही ओरडायचं असेल," ती म्हणाली. "असंच. त्यांना जमलं नाही, एवढंच."