ठिपक्याखालचे कोपरे

जुन्या नाण्यांच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत मामा टेबलावर वाकून पाहत होते. टेबलावर तांब्याचे एक जुने नाणे पडले होते. कडेला जून, तपकिरी. आणि सनाच्या आकड्यांखाली, जिथे टाकसाळीची खूण असते तिथे, खपली निघालेल्या कातडीसारखे गुलाबी.

"खोडरबरानं?" अखेर त्यांनी विचारले.

"खूण दिसतच नव्हती, मामा. जरासंच घासलं."

"जरासंच! अगं बाई, नाणं आहे ते, करपलेलं पातेलं नाही."

भाचीने मान खाली घातली. तांब्यावरचा तो तपकिरी थर काळाने श्वासाश्वासाने चढवलेला असतो, गेला की परतत नाही; हे तिला पाठ होते. तरी हाताला धीर धरवला नव्हता. हात बसला तर हे टेबल तुझे, नाहीतर तुझ्या दाजींच्या पुठ्ठ्याच्या गोदामातली नोकरी आहेच, असे मामांनी बजावले होते, आणि ती मुदत आजच संपत होती. गोदामाच्या नुसत्या आठवणीने तिच्या घशाशी पुठ्ठ्याची धूळ येई.

"पण खुणेच्या ठिपक्याच्या बाजूला काहीतरी आहे," ती पुटपुटली.

"ओरखडा. तूच काढलेला."

"रबरानं ओरखडा कसा येईल?"

मामांची भुवई वर गेली. त्यांनी दिवा ओढून इतका खाली घेतला की उजेड टेबलावरून आडवा सरपटू लागला. मग दिवा हलवायचा नाही, नाणे फिरवायचे, ही त्या खोलीची रीत. ओरखडा एकदा चमकतो नि विझतो. उठावाची, म्हणजे वर आलेल्या भागाची सावली मात्र त्याला सोडत नाही, बाजू बदलून सोबत फिरते.

तिने नाणे कडांना धरून भिंगाखाली सावकाश फिरवले. ठिपक्याच्या दोन्ही अंगांना दोन इवले कोपरे. दोघांनाही आपापली सावली होती; उजेडाबरोबर ती वळली, विझली नाही.

"चौकट!" स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "नाणं छापायच्या साच्यावर आधी दुसऱ्या टाकसाळीची खूण, चौकट, ठोकली होती, मामा. मग साचा इकडे आला आणि तिच्यावरच ठिपका मारला. पण ती पुरती झाकलीच गेली नाही."

मामांनी भिंग जवळजवळ हिसकावले. बराच वेळ नाणे त्यांच्या बोटांत फिरत राहिले.

"इतकं दुर्मीळ नाणं, आणि मीच साध्या नाण्यांच्या डब्यात टाकलं होतं," ते म्हणाले. "मळाखाली दडून बसलं होतं लबाड!" मग आवाज चढवून, "म्हणून घासलंस ते बरं केलंस, असं समजू नकोस. राजपुत्र शोधलास, पण टक्कल करून आणलास. घेणारा आधी त्या गुलाबी डागालाच नाक मुरडेल."

"हो."

"तेलाचा थेंब सोडून बोथट काडीनं काढायचा मळ. तासन् तास बसावं लागतं."

"बसेन."

बाहेर काउंटरवर कुणीतरी टकटक केली. मामा उठले.

"मामा, सांगा ना. उद्या इथं येऊ, की गोदामात जाऊ?"

त्यांनी साध्या नाण्यांचा डबा उचलला, सगळाच्या सगळा तिच्यासमोर उपडा केला, आणि गिऱ्हाईकाकडे निघून गेले.