अवसर

मॅट्रिकच्या परीक्षेत सेतू दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा इंग्रजीनंच त्याला बुडवलं होतं. कुंभकोणमच्या शाळेनं तिसऱ्यांदा अर्ज भरू दिला, पण हा शेवटचा, असं बजावून. आता नापास झाला तर मुन्सफ कोर्टात मिळू घातलेली कारकुनी गेली आणि शिक्षणही गेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याच्या वडिलांनी, अप्पाजींनी, यंदा तयारी स्वतःच्याच हाती घेतली.

पेपरात भाषांतराला निम्मे गुण. उतारा तमिळ हवा की मराठी, ते अर्जातच लिहायचं. अप्पाजींना हे विचारायची सोयच नव्हती; मराठीच. तंजावरचं राज्य इंग्रजांनी गिळलं, पण मराठी आम्ही घरात राखली, ह्याचा त्यांना केवढा ताठा! रोज सकाळी कावेरीवरून स्नान करून आले की ते मराठी वाक्यं सांगत आणि सेतू ती इंग्रजीत उतरवी. महिन्याभरात त्याचा हात चांगला बसला.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी शाळेतले मुकुंदराव मास्तर घरी आले. ते मूळचे साताऱ्याचे. त्यांनी एक वाक्य घातलं: ‘राजाला अवसर मिळाला, तेव्हा त्यानं गाऱ्हाणी ऐकली.’ सेतूनं इंग्रजीत झरझर लिहिलं, की राजानं घाईघाईत गाऱ्हाणी ऐकली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. “अरे, अवसर म्हणजे सवड. घाई कुठून आणलीस?”

“घाईच कीं,” अप्पाजी म्हणाले. “माझे वडीलही तसेंच म्हणत.”

“ती तमिळ झाली, अप्पाजी,” मास्तर हळूच म्हणाले. “तमिळात अवसरम् म्हणजे घाई. पेपर काढणारे आमच्याकडचे. असे आणखी किती शब्द निघतील, कोण जाणे.”

अप्पाजींनी अर्जाचा कागद पुढ्यात ओढला. मुलाचा राग नव्हता; त्यांना स्वतःची लाज वाटली. जी भाषा सोवळ्यात जपली, तिच्यात तमिळ कधीचीच येऊन बसली होती, आणि आपल्या हट्टापायी पोराचा जन्म पणाला लागला होता.

“अप्पा, आपण म्हणाल तें लिहितों,” सेतू म्हणाला.

“तमिळ लिही.”

मग सरावासाठी त्यांनीच तमिळ वाक्यं सांगायला घेतली. दहा झाली, वीस झाली. मराठी सांगताना ते मधेच शब्दासाठी थांबत. आता एकदाही अडले नाहीत. मुलगा वाचला ह्याचा त्यांना खरोखर आनंद होता, तरी विसावं वाक्य सांगून त्यांनी मराठी वाक्यांची वही मिटून बाजूला ठेवली. सेतूनं मान वर केली.

“लिही, लिही,” म्हणून त्यांनी एकविसावं सांगितलं.