दोनशे चाळीस काळ्या शेळ्या

परंड्याच्या बसस्टँडसमोर अश्लेषाचं फोटोचं दुकान होतं. पासपोर्ट, आधारचे फोटो, झेरॉक्स, आणि लग्नसराईत दोन-चार अल्बम. माहेर तुळजापूरचं, वडील कचेरीत कारकून. लग्नानंतर घरात बसून राहणं जमेना, म्हणून तिनं कॅमेरा हातात घेतला आणि आता त्याला नऊ वर्षं झाली होती. गावातल्या माणसांचे चेहरे ती डोळे मिटूनही ओळखायची. शेळ्यांशी मात्र तिचा काडीचा संबंध नव्हता.

म्हणूनच जनावरांचे डॉक्टर इंद्रजित दुकानात आले आणि शेळ्यांचे फोटो काढाल का म्हणाले, तेव्हा तिला आधी हसूच आलं. डॉक्टर हसले नाहीत. आसपासच्या गावांतल्या बायकांनी मिळून शेळीपालक गट केला होता. दरवर्षी बाजाराच्या मैदानावर मेळावा भरायचा, बाहेरचे व्यापारी यायचे. मागच्या साली गटानं फोटोंची पुस्तिका छापून आधीच सगळीकडं पाठवली होती. पुस्तिका बाहेरगावी कुणीतरी घाईत करून दिली होती. काही शेळ्या नुसत्या काळ्या डागासारख्या आल्या, तर काही चक्क तांबड्या. कलबुर्गीचे व्यापारी शंकरप्पा पुस्तिका पाहून मुद्दाम आले, आणि समोरची शेळी फोटोशी जुळेना म्हणून अकरा शेळ्या नाकारून गेले. जनावर बदललं असा त्यांचा समज झाला. बायकांना ते फार लागलं होतं.

त्या अकरांतली एक कमलबाईंची होती. कमलबाई साठीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण गटात त्यांचा शब्द मोठा. मागच्या वेळी त्या भर मैदानात शंकरप्पांना म्हणाल्या होत्या की जनावर खरं हाय, फोटू खोटा हाय. कुणी ऐकलं नव्हतं.

अश्लेषानं काम घेतलं. दोनशे चाळीस शेळ्या. प्रत्येक फोटोचे तीन नमुने लागणार होते. पुस्तिकेसाठी खऱ्या रंगाचा, डॉक्टरांच्या नोंदीसाठी कानावरचे ठिपके अन् खुणा दिसतील असा उजळ केलेला, आणि मेळाव्याच्या अर्जावर चिकटवायला काळा-पांढरा. म्हणजे सातशे वीस फोटो, आणि त्यातला कुठलाही एक दुसऱ्याच्या जागी जाऊन चालणार नव्हतं. तिनं एका पत्र्याच्या तुकड्याला पांढरा रंग दिला. त्यावर खडूनं लिहिलं तर दिसेना, म्हणून कोळशानं नंबर घातला. तो पत्रा प्रत्येक शेळीशेजारी धरायचा आणि मग फोटो काढायचा, असं ठरलं.

चार दिवस ती वाड्या-वस्त्यांवर फिरली. कुठं निळ्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुठं लिंबाच्या सावलीत, कुठं उन्हं कलताना उघड्या माळावर. शेळ्या काही पासपोर्टवाल्यांसारख्या सरळ बसत नाहीत. एकीनं नंबरचा कोळसाच चाटून टाकला. त्र्याहत्तर नंबरच्या शेळीनं ऐन वेळी मान झटकली, तिचा दुसरा फोटो घ्यावा लागला.

खरी गंमत दुकानात बसल्यावर सुरू झाली. पहिल्या दिवशी तिनं एकेक फोटो घेऊन रंग सुधारायला सुरुवात केली. पाचवी शेळी निळसर झाली. ती नीट करावी तर सहावी चॉकलेटी. दोन दिवसांत एकतीस फोटो झाले आणि शेजारी शेजारी लावून पाहिले, तर एकतीस शेळ्यांच्या एकतीस तऱ्हा. मागच्या सालच्या पुस्तिकेचीच ही नवी आवृत्ती निघणार असं तिला वाटायला लागलं. नवरा अनिरुद्ध शाळेतून येता येता डोकावला. डॉक्टरांना सरळ नाही म्हणून सांग, असा सल्ला त्यानं दिला. तिनं पुढचा फोटो उघडला. तिला आठवत होतं ते कमलबाईंचं तोंड. फोटो काढताना त्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या होत्या, "ताई, काळी हाय तशी काळी दिसू द्या. जास्त न्हाय मागत."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेळ्यांकडं बघायची सोडून पत्र्याकडं बघायला लागली. पत्रा तर एकच होता, पांढराच होता. पण शेडमधल्या फोटोत तो निळा दिसत होता, लिंबाखाली हिरवट, माळावर पिवळा. रंग शेळीचा बदलत नव्हता, उजेडाचा बदलत होता. पत्रा पांढरा झाला की शेळी आपोआप आपल्या रंगावर येणार.

तिनं एकतीसच्या एकतीस नमुने फेकून दिले. मूळ फोटोंना हात लावलेला नव्हता, ते वेगळ्या फोल्डरमध्ये शाबूत होते. फोटो नंबरानं लावायच्या ऐवजी तिनं उजेडाप्रमाणं तीन ढीग केले. शेडच्या ढिगातला एक फोटो घेतला, पत्र्यावर टिचकी मारून संगणकाला सांगितलं की हे पांढरं आहे. तो एक फोटो मनासारखा झाला, तशी तीच सेटिंग बाकीच्या सगळ्यांना एकदम लावली. पडद्यावर ओळीनं फोटो बदलत गेले. नव्वद शेळ्या एका दमात काळ्या झाल्या. अश्लेषा खुर्चीतून उठली आणि उगाचच दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आली.

पुढचं काम सुतासारखं सरळ गेलं. उजळ नमुन्याची एक सेटिंग, काळ्या-पांढऱ्याची दुसरी. फोटोंच्या कडेला दिसणारा पत्रा कापून टाकला, सगळ्यांना ओळीनं नंबरांची नावं दिली, पुढं ख, उ, क अशी अक्षरं लावली. शुक्रवारी संध्याकाळी पाचला फाइल छपाईला जायची होती. शुक्रवारी अकरा वाजताच तिचं आवरलं.

तेवढ्यात कमलबाई आल्या. बाजाराला आले होते, म्हणाल्या, माझ्या शेळ्या बघू द्या. एकशे बारापासून त्यांच्या तीन. अश्लेषानं हौसेनं एकशे बारा उघडला. कमलबाईंनी नाकावर चष्मा चढवला, पुढं वाकून पाहिलं.

"रंग झ्याक आलाय," त्या म्हणाल्या. "पण ही माझी न्हाय. ही गुरुसिद्धप्पाच्या घरची."

अश्लेषाला वाटलं, म्हातारीची गफलत होतेय. सगळ्या तर काळ्याच. तरी तिनं मूळ फोटो उघडला. पत्र्यावर कोळशानं ठसठशीत लिहिलं होतं, एकशे अकरा.

ती खुर्ची पुढं ओढून बसली. एक चुकलं म्हणजे पुढचे सगळे चुकले असणार. कुठून चुकलं ते शोधायला तिनं मधूनमधून फोटो उघडायला सुरुवात केली. साठ बरोबर. नव्वद चूक. पंचाहत्तर चूक. सत्तर बरोबर. त्र्याहत्तर बरोबर, पण मान झटकलेली, आणि चौऱ्याहत्तरच्या नावाखाली पुन्हा त्र्याहत्तरचीच शेळी, मान सरळ. मान झटकलेला तो अस्पष्ट फोटो वगळायचा राहिला होता, आणि त्याच्या पुढचा प्रत्येक नंबर एकेका घरानं सरकला होता. ही पुस्तिका छापली असती तर दीडशेच्या वर शेळ्या दुसऱ्याच्या नावावर गेल्या असत्या.

साडेअकरा झाले होते. तिनं तो एक फोटो वगळला, तयार झालेले सगळे नमुने पुसले आणि मूळ फोटोंपासून तिन्ही नमुने पुन्हा बनवायला लावले. सेटिंगा जतन होत्या, ढीग तसेच होते. ज्याला पहिल्यांदा आठवडा गेला ते काम संगणकानं दीड तासात केलं. यावेळी मात्र तिनं नुसत्या नंबरावर भरवसा ठेवला नाही.

"मावशी, थांबाल का?" ती म्हणाली. "एकेक दाखवते. तुम्ही कुणाची ते सांगा, मी मूळ फोटोशी लावून बघते."

कमलबाई थांबल्या. चहा झाला, दोनची एसटी गेली, अनिरुद्धनं घरून आणलेली भाकरी झाली. अश्लेषा नंबर वाचायची, कमलबाई कान बघून नाव सांगायच्या. प्रेमलाची, हिचा डावा कान चिरलाय. नागप्पाची, हिला दोन ठिपके. उजळ नमुना पाहून तर त्या हरखल्या, कारण उन्हात त्यांना स्वतःलाही न दिसलेली खूण त्यात दिसत होती. लांबच्या वस्त्यांवरच्या तीस-पस्तीस शेळ्या त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या, तेवढ्या अश्लेषानं पत्र्यावरून लावल्या. बाकी एकही चुकली नाही. पावणेपाचला फाइल गेली.

मेळाव्याच्या दिवशी शंकरप्पा आले ते तोंड आंबट करूनच. हातात नवी पुस्तिका होती. कुणाला काही न विचारता ते दोनशे चाळीस शेळ्यांमधून चालत निघाले, पान बघत, जनावर बघत. अश्लेषा डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून बघत होती. शंकरप्पा एका शेळीपाशी थांबले, वाकून तिचा कान हातात घेतला, पान उलटलं, पुन्हा कान पाहिला. मग दावणीचा नंबर वाचला. एकशे बारा.

"ही तीच," ते म्हणाले. "काळी ती काळीच आहे. कुणी काढलेत हे फोटो?"

कमलबाईंनी अश्लेषाला दंडाला धरून पुढं ओढलं. "ह्या ताईंनी. आन् शेळी तीच हाय, मागल्या सालची. तुमी न्हाय म्हणून गेला होता."

शंकरप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि सगळ्यांच्या देखत आपली चूक झाली म्हणाले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मागच्या साली नाकारलेल्यांपैकी अजून कुठल्या कुठल्या शेळ्या आल्यात ते त्यांनी पुस्तिकेत खुणा करून विचारलं, आणि दुपारपर्यंत त्यातल्या सात घेतल्या. त्यांच्यामागून लातूरचे आले, विजापूरचे आले. पुस्तिका कमी पडल्या, तेव्हा अश्लेषा दुकानात पळाली आणि काळ्या-पांढऱ्या नमुन्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आली. त्यातही कान ओळखू येत होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी माइकवरून तिचं नाव घेतलं. बायकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की बांधलेल्या शेळ्या ओरडायला लागल्या. अश्लेषा हात जोडून उभी राहिली. लाज वाटत होती, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

एकशे बारा टेंपोत चढायच्या आधी कमलबाईंनी तिला हाक मारली. म्हणाल्या, हिच्यासंगं माझा एक फोटू काढा, पत्रा नको. अश्लेषानं मोबाइल काढला. कमलबाईंनी पदर सारखा केला, शेळीचं तोंड दोन्ही हातांनी समोर धरलं आणि कॅमेऱ्याकडं अशा ताठ मानेनं पाहिलं की मैदानावरची माणसं कौतुकानं बघत उभी राहिली.