भोपळ्याचे दात

नलूबाई चहाचा कप घेऊन काचेसमोर आल्या, तरी भोपळ्या हलला नाही.

एरवी त्यांच्या पावलांची चाहूल लागली की हा गडी माशाच्या टाकीच्या कोपऱ्यातून लगबगीनं यायचा, काचेला थोबाड लावायचा आणि एक डोळा इकडं, एक डोळा तिकडं फिरवत खायला मागायचा. आज तो खडकाच्या आडोशाला वाळूवर पोट टेकून पडला होता. नलूबाईंनी काचेवर बोट टिचकावलं. त्यानं नुसता डोळा वळवला.

“अवो,” त्यांनी आत हाक मारली, “हा आजही उठून नाई राह्यला.”

त्यांचे यजमान सेवादास राठोड आतून आले. त्यांना ठाऊक होतं. भोपळ्यानं आठवडाभर धड काही खाल्लं नव्हतं.

सेवादासांनी सारी नोकरी दिग्रसहून यवतमाळ आणि पुसदच्या एस.टी. गाड्या हाकण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मुलीनं दोघांना रत्नागिरीला नेलं. लोक समुद्राच्या लाटा बघतात. हा माणूस ओहोटीला खडकातल्या एका डबक्यापाशी उकिडवा बसला तो उठेचना. डबक्यात इवलेसे रंगीत मासे होते, फुलासारखं उमलणारं काहीतरी होतं. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की असलं डबकं आपण घरी करायचं.

“दिग्रसात प्यायचं पाणी रोज येत नाई,” नलूबाई म्हणाल्या होत्या, “आन् हे समुद्र आणून राह्यले!”

पण समुद्र आला. बैठकीच्या खोलीत सोफा होता तिथं काचेची मोठी टाकी बसली. गाळलेल्या पाण्यात खास समुद्री मीठ विरघळवायचं, खारेपणा मोजायचा, थंडीत पाण्याला ऊब द्यायची आणि उन्हाळ्यात गारवा. वीज गेली तर आधी टाकीचा पंप चालू राहिला पाहिजे, माणसांचा पंखा नंतर. महिनोन्‌महिने टाकीत नुसते दगड आणि पाणी होतं, शेजारपाजारचे येऊन विचारायचे, “मासोळ्या कुठं हाय?” मग एकेक प्रवाळ आलं. जाड कातड्यासारखं एक, हाताची बोटं हलवावीत तसं डुलणारं एक. निळ्या उजेडात ती अशी झळकायला लागली की भेटायला आलेली माणसं चहा प्यायची विसरायची.

मग सेवादासांना ह्या फुगणाऱ्या माशाचा नाद लागला. राखाडी अंग, काळे ठिपके आणि तोंड हुबेहूब कुत्र्याच्या पिल्लाचं. नागपूरच्या दुकानदारानं हात जोडून सांगितलं होतं, “काका, प्रवाळाच्या टाकीत हा सोडू नका. सगळं कुरतडून टाकेल.” सेवादासांनी ऐकलं नाही. त्यांनी त्याला कधी उपाशी ठेवलंच नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं त्या जाड प्रवाळाचा एक लचका घेऊन पाहिला, तोंड वाकडं करून थुंकला आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेला नाही. टाकी साफ करणाऱ्या गोगलगायी मात्र त्यानं सगळ्या फस्त केल्या.

नलूबाईंना तो आवडत नव्हता. आपल्या बैठकीत हा उपरा कशाला, असं त्यांना वाटायचं. एकदा त्या लाल फडक्यानं काच पुसत होत्या. ते फडकं पाहून तो घाबरला आणि बघता बघता टम्म फुगून गोल झाला. डोळे तेवढे बाहेर.

“अवं माय! हा तर भोपळाच झाला!” म्हणत त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. त्या दिवसापासून तो भोपळ्या आणि त्या दिवसापासून तो नलूबाईंचा.

तोच भोपळ्या आता वाळूवर पडून होता.

सेवादासांनी चिमट्यात झिंग्याचा तुकडा धरून पाण्यात सोडला. भोपळ्या कसाबसा वर आला. तुकडा तोंडात धरायला गेला, तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. नलूबाई काचेला नाक लावून बघत होत्या. तेव्हा त्यांना दिसलं. त्याचे दात, म्हणजे ती पोपटासारखी चोच, इतकी वाढली होती की वरची खालचीवर चढून बसली होती. तोंड उघडतच नव्हतं.

नागपूरच्या दुकानदाराला फोनवर चित्रफीत पाठवली. त्यानं लगेच उलटा फोन केला.

“दात वाढलेत. कापावे लागतील, नाहीतर उपाशी मरेल.”

“तुमच्याकडं आणू काय?” सेवादासांनी विचारलं.

“एवढा अशक्त मासा एवढ्या प्रवासात टिकणार नाही, काका. घरीच करा. लवंगेचं तेल थेंब थेंब टाकून गुंगी आणायची आणि नखं काढायच्या बारीक कटरनं दातांची टोकं छाटायची. हात मात्र स्थिर पाहिजे. अंगाला लागलं तर गेला.”

सेवादासांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या हातांकडं पाहिलं. गेल्या दोन-तीन वर्षांपासून त्यांच्या हातांना कंप होता. चहाची बशीसुद्धा वाजायची.

“या हातानं भरल्या एस.टी. घाटातून काढल्या मी,” ते म्हणाले. “आन् आता मासोळीचा दात नाई कापता येत.”

गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते भले माणूस, सरळ म्हणाले, “गाय आणा, शेळी आणा. माशाला मी उभ्या जन्मात हात लावला नाही.” सेवादास घरी येऊन टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. जेवायलाही उठले नाहीत. नलूबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. त्यांनी साडीचा पदर खोचला, चपला घातल्या.

“कुठं चालली?”

“दाताच्या डॉक्टरकडं.”

डॉक्टर सलोनी बोबडे बाजारच्या वाटेवर नुकताच दवाखाना थाटून बसल्या होत्या. नलूबाईंची दाढ त्यांनीच वाचवली होती.

“पुन्हा दुखतेय का, काकू?”

“माही नाई दुखत. भोपळ्याचे दात वाढले.”

“भोपळ्या कोण? नातू?”

“मासोळी हाय.”

डॉक्टर आधी हसल्या. मग नलूबाईंनी फोन पुढं केला, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. चित्रफीत त्यांनी तीनतीनदा पाहिली. मान तिरकी करून, जबड्यावर नजर रोखून.

“खातो काय हा?”

“झिंगे.”

“कवचासकट?”

“नाई वं बाई. आमचे हे बसते, एकेक झिंगा सोलते, बारीक तुकडे करते आन् चारते. लहान लेकराचेही असे लाड नाई केले त्याईनं.”

“मग हे असं होणारच. कडक काही फोडायलाच नाही, तर दात झिजणार कशानं?” डॉक्टर खुर्चीत मागं रेलल्या. “पण काकू, मी माणसांचे दात पाहते. हा माझ्या हातात मेला तर?”

“नाई कापले तर मरनच. कापून मेला तर मी तुमाले एक शब्द बोलणार नाई.” नलूबाई टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या. “धरायचं काम माझं. तुमी फक्त कापा.”

डॉक्टरांनी नागपूरच्या दुकानदाराचा नंबर मागून घेतला. त्या संध्याकाळी त्याच्याशी त्या किती वेळ बोलल्या, काय काय वाचलं, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटरवरून बॅग घेऊन दारात हजर झाल्या.

बैठकीत स्टूल मांडले. टाकीतलं पाणी काढून दोन बादल्या भरल्या. एकीत गुंगीचं औषध घालायचं, दुसरीत स्वच्छ पाणी आणि बुडबुडे सोडणारी नळी. सेवादासांना डॉक्टरांनी काम नेमून दिलं.

“काका, तुम्ही याला रोज बघता. तुम्ही फक्त त्याच्या कल्ल्यांकडं बघायचं. श्वास मंदावला की मला सांगायचं.”

पाण्यात लवंगेचा वास पसरला. भोपळ्या आधी बादलीभर फिरला, मग हळूहळू एका कुशीवर कलंडला. नलूबाईंनी बांगड्या काढून ठेवल्या, हात टाकीच्या पाण्यात ओले केले आणि त्याला अलगद तळव्यांत घेतलं. अंगणवाडी सेविका असताना किती लेकरं त्यांनी अशी धरली होती, पोलिओचा डोस पाजताना. तरी हा जीव वेगळाच. मऊ, गार, खरबरीत.

“पाण्याबाहेर काढू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “घाबरून फुगला आणि पोटात हवा गेली तर ती निघणार नाही. फक्त तोंड वर.”

तेवढ्यात भोपळ्याचं पोट नलूबाईंच्या तळहातावर ताठायला लागलं. गुंगीतही तो फुगत होता.

“फुगून राह्यला! फुगून राह्यला तो!” सेवादास ओरडले.

नलूबाईंनी झटकन हात खाली नेऊन त्याला पूर्ण पाण्यात बुडवलं. “कायले भेतं रे बाप्पा,” त्या पुटपुटल्या. “मीच हाय. मीच हाय ना.” त्याच्या पोटावरची बोटं त्यांनी सैल सोडली, पण हात काढला नाही. फुगलेलं पोट थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं आत घेतलेलं पाणी तोंडावाटे सोडलं आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला.

“आता,” नलूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कटर घातलं. कट्. पांढरा तुकडा पाण्यात पडला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता, पण बोटं दगडासारखी. कट्. वरच्या दातांची दुसरी बाजू. मग खालचे. एका टोकाला कटर बसेना. त्यांनी ते काढलं, श्वास घेतला, तिरकं घातलं. कट्.

“कल्ले हलून नाई राह्यले,” सेवादास म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “नलू, हलून नाई राह्यले.”

नलूबाईंनी त्याला उचलून स्वच्छ पाण्याच्या बादलीत नेलं. डॉक्टर म्हणाल्या, “तोंडातून पाणी आत जाऊ द्या, काकू. पुढं न्या. हळू.” नलूबाई त्याला सरळ धरून पाण्यातून फिरवत राहिल्या, बुडबुड्यांच्या दिशेनं, पुन्हा वळवून, पुन्हा. खोलीत पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. भोपळ्या चिंधीसारखा पडून होता. नलूबाईंचे खांदे भरून आले, पाय बधिर झाले. सेवादासांनी खुर्ची पुढं केली, ती त्यांनी पायानं सारली.

“उठ बाप्पा. उठ ना आता.”

एक कल्ला हलला.

सेवादास बादलीवर वाकले. पुन्हा हलला. मग दोन्ही. मग त्याच्या बाजूचे इवलेसे पंख थरथरले, डोळा फिरला, आणि भोपळ्यानं नलूबाईंच्या हाताला असा झटका दिला की पाण्याचा सपकारा डॉक्टरांच्या चष्म्यावर बसला.

“जिता हाय!” नलूबाई ओरडल्या. “जिता हाय व तो!”

टाकीत सोडल्यावर तो दुपारपर्यंत खडकाआड बसला. डॉक्टर गेल्या नाहीत. नलूबाईंनी वाढलेली ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी त्या टाकीकडं बघत बघतच जेवल्या. दरम्यान सेवादास बाजारात जाऊन नाल्यातले बारीक खेकडे घेऊन आले, जिवंत, वळवळणारे. बातमी कशी फुटली कोण जाणे. समोरची उज्ज्वला आली, गल्लीतली चार-दोन माणसं आली, दारात चपलांचा ढीग लागला.

एक लहानसा खेकडा नलूबाईंनी चिमट्यात धरला आणि स्वतः टाकीत सोडला. भोपळ्या बाहेर आला. आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या. त्यानं एकच झेप घेतली.

कड्डाक!

काचेतूनसुद्धा आवाज स्पष्ट ऐकू आला. खेकड्याच्या कवचाचे तुकडे वाळूवर उडाले. बैठकीत अशी आरोळी उठली की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून आत डोकावला. सेवादास टाळ्या वाजवत होते आणि त्यांचे थरथरते हात त्या टाळ्यांत कुणाला कळतही नव्हते. उज्ज्वला डॉक्टरांना म्हणाली, “मॅडम, मासोळीचे केले, तर आमचे तर तुमाले सोपेच!” आणि डॉक्टर चष्मा ओढणीनं पुसत खळखळून हसल्या.

“आजपासून झिंगे सोलणं बंद,” नलूबाईंनी नवऱ्याला सगळ्यांदेखत बजावलं. “कवचासकट देईन मी. आन् चारायचं आता माझ्याकडं.”

“आता तुहंच राज्य,” सेवादास म्हणाले, आणि खेकड्यांचं भांडं त्यांनी बायकोच्या हातात दिलं.

भोपळ्या काचेपाशी आला होता. पोट भरलेलं, दाताला खेकड्याचा एक तांबूस पाय अडकलेला. त्यानं थोबाड काचेला लावलं आणि आणखी मागितलं. नलूबाईंनी भांड्यातला सगळ्यात मोठा खेकडा निवडला.