शांत झालेली घोडी

“शांत झाली! बघा, शांत झाली!”

तबेल्याच्या अंगणात एकच ओरडा झाला. सकाळपासून पोटाला लाथा मारत लोळणारी बदामी घोडी आता दगडासारखी उभी होती, डोळे अर्धे मिटून. तिच्या तोंडाशी लाल कापड घट्ट धरून, जनावरांची दुखणी उतरवणारा थोपट्याबाबा तिची मान थोपटत होता.

“तिचं दुखणं मी हातात ओढून घेतलंय,” तो म्हणाला. “सुईवाल्यांना हे जमायचं नाही. सुई कातड्यात जाते, माझा स्पर्श थेट आत्म्यात!”

“आत्मा पोटाच्या कुठल्या बाजूला असतो?” मी विचारलं.

“कार्टे, गप्प बस,” आत्या म्हणाली.

तबेला आत्याचा. लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचा तिचा धंदा. या धंद्यात घोड्याचं एकच कौतुक असतं: शांत आहे. मुलांना घेऊन येणारे आईबाप पहिलं तेच विचारतात. त्यामुळे आमच्याकडे शांत घोडा म्हणजे चांगला घोडा, आणि चांगला म्हणजे निरोगी.

मी प्राणिशास्त्र शिकलेली. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात अडलेलं पुढेच सरकावं लागतं, हे मी आत्याला सकाळी सांगितलं होतं. “आधी बाबा,” ती म्हणाली. शेवटी तिला न विचारता मी जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन केला. तोवर दुपार झाली होती.

त्या आल्या आणि त्यांनी सरळ लाल कापड उचललं. आत बदामीचा वरचा ओठ बारीक दोरीच्या फासात घालून काडीने करकचून पिळलेला होता.

“मंत्रलेला दोरा आहे,” बाबा म्हणाला.

बाईंनी तो सोडवला. बदामी तरीही हलली नाही.

“दोरा काढला तरी शांत!” बाबाच्या आवाजात पुन्हा जोर आला. लोकांनी हात जोडले.

बाईंनी तिचा ओठ वर केला. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. मी कान धरून पाहिले, ते गार होते. बाईंनी पोटात सुई घालून थोडं पाणी काढलं. ते हिरवट होतं आणि त्यात गवताचे कण होते.

“आतडं फुटलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “फुटलं की आतला ताण जातो आणि कळा थांबतात. म्हणून ती शांत आहे.”

“मग आता?” आत्याने विचारलं.

“आता ती वाचणार नाही. तिचे हाल थांबवणं एवढंच हातात आहे.”

आत्याने होकारार्थी मान हलवली. इंजेक्शन दिल्यावर बदामी एका कुशीवर कलली.

“मारली!” बाबा ओरडला. “माझ्या हाताखाली बरी होती, हिच्या सुईने मेली!” लोक बाईंभोवती जमले. कुणीतरी त्यांची बॅग ओढली.

बाईंनी वाकून बुटाची नाडी सोडली आणि त्या शेजारच्या खणातल्या चावऱ्याकडे गेल्या. हा घोडा आमच्या प्रत्येकाची बाही फाडून चुकला आहे. त्यांनी त्याचा ओठ नाडीत अडकवून पिळला. चावऱ्याची मान खाली आली, डोळे मिटत आले.

“मोतद्दारकाका, आता ओढा कान.”

“नको हो बाई, मला दोनच हात आहेत,” घोड्यांची देखभाल करणारे काका म्हणाले. तरी त्यांनी ओढला. चावरा ढिम्म.

“हा मंत्र बुटात मावतो,” बाई म्हणाल्या. “असा ओठ पिळला की बरेच घोडे थोडा वेळ गुंगल्यासारखे उभे राहतात. जखमेला टाके घालताना आम्हीही हेच करतो. पण याने पोट बरं होत नाही. दुखणं फक्त दिसेनासं होतं. सकाळी फोन आला असता तर कदाचित वाचली असती.”

बाबा लाल कापड तिथेच टाकून फाटकाबाहेर गेला होता. आत्या बदामीशेजारी बसली होती. ती रडली नाही, मीही नाही. मोतद्दारकाकांनी सवयीने बादली भरून आणली आणि ते ती हातात घेऊनच उभे राहिले.

घोडा सारखा पोटाकडे बघू लागला, लोळू लागला, लीद टाकेना, की पुढचा चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. त्यांचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा. ते येईपर्यंत हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण आधी फोन करा. आणि एखादा चमत्कार दिसला, तर त्यावरचं कापड उचलून बघा.

काही दिवसांनी दुसऱ्याच एक बाई मुलाला शिकवणीला घेऊन आल्या. चावऱ्यापलीकडच्या घोड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “शांत आहे ना हो?”

आत्याने त्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं. बोट उचलल्यावर गुलाबी रंग परत येईपर्यंत ती थांबली.

“बरा आहे,” ती म्हणाली.