दुसऱ्या मास्तरची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. खुर्ची म्हटले की तुम्हाला पुढारी आठवत असतील आणि खुर्चीसाठी होणारी ओढाताण आठवत असेल. माझ्यासाठी मात्र आजवर कोणी भांडले नाही. मित्रांनो, माझे दुखणे नेमके उलटे आहे. दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावरच्या बंद शाळेत मी उभी आहे. शाळेच्या खोलीत आता मुलांऐवजी कापूस भरतात. भाव येईपर्यंत तो इथेच पडून असतो आणि मी त्यात मांडीपर्यंत बुडालेली असते.

माझा जन्म दिग्रसच्या मारोती मिस्त्रीच्या हातचा. त्याने एकाच ओंडक्यातून आम्हा दोघी बहिणींना घडवले. एक मुख्याध्यापकांसाठी, दुसरी म्हणजे मी, दुसऱ्या मास्तरसाठी. आम्हाला बैलगाडीत चढवताना तो म्हणाला, "दोघीत उन्नीस-बीस नाई ठेवलं म्या. दुसरा मास्तर काई कमी नसते." त्याचे हे बोलणे पुढे सरकारला कळले असते तर किती बरे झाले असते.

तांड्याने आमचे स्वागत केले ते नव्या सुनांचे करावे तसे. तांड्याचे नाईक डोंगरसिंग यांनी आम्हाला कुंकू लावले. चार इयत्तांची एकच खोली होती, पण मास्तर दोन होते. माझ्यावर पंचफुलाबाई बसत. त्या दिग्रसहून एसटीने फाट्यावर उतरत आणि तिथून पायी येत. एखादे पोर तापाने फणफणले की बाई त्याला मांडीवर घेऊन माझ्यावर बसत आणि तशाच पाढे म्हणवून घेत. त्या दिवसांत माझ्या हातांना मुलांच्या घामाचा वास असे. मला तो आवडायचा.

एकदा मधल्या सुट्टीत तांड्यावरच्या उत्तमसिंगची लेक राखी गुपचूप माझ्यावर चढून बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. हातात नसलेली छडी आपटून ती नसलेल्या मुलांना दटावत होती. बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. राखी घाबरून खाली उतरू लागली तशा त्या म्हणाल्या, "बस, बस. पन शिकून बस. मंग तुले कोनी उठवनार नाई." ते वाक्य त्या पोरीने मनात पक्के धरून ठेवले.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जूनमधे नवीन बाई येईन. तिले सांभाळ बरं." जून आला, शाळा उघडली, नवीन बाई आली नाही. पुढच्या जूनमध्येही आली नाही. वरच्या कचेरीत विचारायला जावे तर "पद रिक्त आहे" एवढे उत्तर मिळे. पद रिक्त आहे हे मला कोणी सांगायला नको होते. मीच ते पद होते.

ती कापसाची वाईट वर्षे होती. बोंडे फुटत, पण घरात उजेड पडत नसे. वेचणी सुरू झाली की मोठी पोरे शेतात जात आणि धाकट्यांना शाळेत सोडून जात. सगळी मुले आता एकट्या मुख्याध्यापक संघदीप सरांवर होती. सर दिग्रसचेच, हाडाचे शिक्षक. त्यांनी एक युक्ती काढली. पहिलीचे तोंड एका भिंतीकडे, दुसरीचे दुसऱ्या भिंतीकडे, अशा चार भिंतींना चार इयत्ता वाटून दिल्या आणि स्वतः मधे घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. त्यातही सरांना जनगणनेला बोलावणे यायचे, मतदारयादीला यायचे, खिचडीचा तांदूळ आणायचा असायचा. सर गेले की शाळेला कुलूप. पोरे ओट्यावर बसून वाट पाहत आणि शेवटी शेताकडे निघून जात.

सरांची एक गोष्ट मला फार आवडायची. ते मला रोज पुसत आणि आपल्या शेजारी मांडून ठेवत, पण माझ्यावर कोणाला बसू देत नसत. पिशवीसुद्धा ठेवू देत नसत. "जागा रिकामी हाये तं रिकामी दिसली पाह्यजे," ते म्हणत. "येनाऱ्यानं पाहावं आन विचारावं, थे कोनाची."

अशात राखी पुसदहून डी.एड. होऊन परत आली. आमच्या भागात तेव्हा घरोघर एक डी.एड. होता. कॉलेजे भराभर निघाली होती, पोरेपोरी पदविका घेऊन बाहेर पडत होती आणि भरती मात्र पुढे पुढे ढकलली जात होती. एकीकडे मास्तर नसलेल्या शाळा, दुसरीकडे शाळा नसलेले मास्तर. या दोघांची गाठ का पडत नाही हे माझ्या लाकडाच्या डोक्याला कधी कळले नाही, आणि शहाण्या डोक्यांनी ते कधी सांगितले नाही. राखी घरी बसून राहिली नाही. ती सरांच्या मदतीला येऊ लागली. पगार नाही, मानधन नाही. पहिली-दुसरी तिने घेतली आणि पोरांची तोंडे भिंतीकडून फळ्याकडे वळली. ती उभ्याने शिकवी, नाहीतर मुलांच्या बसायच्या पट्टीवर बसे. माझ्याकडे पाही, पण बसत नसे. म्हणायची, "आर्डर आल्यावर बसीन."

सरांनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा शेवटी एकदा वरच्या कचेरीतून कळवण्यात आले की शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येऊन पाहणी करतील. गरज दिसली तर पुढच्या भरतीत ही जागा भरण्याची शिफारस करतील. तांड्यावर जणू सणच आला. सरांनी आदल्या दिवशी नाईकांना बजावले, "काई सजवू नका. हाये तसं दिसू द्या." आणि सकाळी ते साहेबांना आणायला मोटारसायकल घेऊन दिग्रसला गेले.

पण तांड्याची रीत वेगळी. पाहुणा येणार असेल तर फुटके भांडे खाटेखाली सरकवायचे, उसना का होईना नवा ग्लास पुढे करायचा. सर गेल्यावर नाईकांनी ओट्यावर सगळ्यांना जमवले. "सरचं काय जाते," ते म्हणाले. "साहेब पह्यल्यांदा आपल्या तांड्यावर येऊन राह्यला. एक मास्तर, एक खाली खुर्ची, हे दाखवाचं त्याले? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग काय विचारता! भिंती शेणामातीने सारवल्या. वेचणीला गेलेली पोरे शेतातून बोलावून, तेल-पाणी करून रांगेत बसवली. जमनाबाईने, राखीच्या आईने, पेटीतली कोरी साडी काढून लेकीला नेसवली आणि बायांनी तिला धरून माझ्यावर बसवले. राखी उठू पाहत होती. "याडी, सर रागावतीन," ती आईला म्हणत होती. जमनाबाई म्हणाली, "एक दिवस बस. तांड्याच्या इज्जतीसाठी बस."

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर बसली. मित्रांनो, खरे सांगते, मला आनंद झाला. किती वर्षांनी माझ्यावर कोणाचा तरी भार पडला होता. हा भार आपल्याला कुठे नेणार आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

सर साहेबांना घेऊन आले आणि दारातच त्यांचे पाय थबकले. दोन खुर्च्या, त्यातली एक भरलेली, आणि चारही इयत्ता एका सुरात कविता म्हणत होत्या. साहेबांचा चेहरा खुलला. सरांनी घाईघाईने खरे ते सांगितले, की ही मुलगी नेमलेली नाही, डी.एड. होऊन बिनपगारी शिकवते आहे, हिची जागा रिकामी आहे. साहेबांनी राखीकडे कौतुकाने पाहिले. "मग अडचण कुठे आहे? उत्तम चाललंय की. याला लोकसहभाग म्हणतात. इतर गावांनी तुमच्यापासून शिकलं पाहिजे." नाईकांनी छाती फुगवून साहेबांना हार घातला.

साहेबांना फाट्यावर सोडून सर परत आले. मग एवढेच म्हणाले, "नाईक, आपनच आपल्या हातानं जागा भरून टाकली."

"आमी तं तांड्याची लाज राखली, सर," नाईक म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

राखी केव्हाच उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली होती. ती पुन्हा कधी माझ्यावर बसली नाही.

शिफारस गेली नाही. आमची शाळा चांगली चालते असे वर कळले, म्हणून जिथे एकही मास्तर नव्हता अशा मुकुटबनकडच्या एका शाळेवर सरांनाच पाठवले. माझी बहीण जवळच्या मोठ्या केंद्रशाळेने नेली. तांड्यावर उरले फक्त राखी आणि मी. तिने एकटीने चार भिंती सांभाळल्या. पण बिनपगारी मास्तरणीची शाळा ती किती दिवस चालणार? लोक कामाच्या शोधात बाहेर पडू लागले, पोरांना सोबत नेऊ लागले आणि पट घसरला. मग पट कमी म्हणून दुसरे पदच रद्द झाले, आणि शेवटी शाळाही. उरलेली पोरे नाला ओलांडून पलीकडच्या गावी जाऊ लागली. पावसाळ्यात नाला भरला की जात नाहीत. भरती सुरू होईपर्यंत राखीचे वय उलटून गेले होते.

परवा ती जमनाबाईसोबत आली होती, वेचलेल्या कापसाचे गाठोडे टाकायला. बोटांना बोंडांचे ओरखडे होते. गाठोडे टाकून तिने ओढणीच्या पदराने माझी पाठ पुसली, माझे हात पुसले, सर पुसायचे तसे. जमनाबाई दम खात म्हणाली, "बस न पोरी घडीभर. आता कोन उठवते तुले?"

राखी म्हणाली, "नाई याडी. कोनी साहेब आला तं भरलेली दिसन."

 जमनाबाईने लेकीच्या डोक्यावरचा कापूस झटकला आणि दोघी शेताकडे गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी धूळ पुसण्याचे, डागडुजीचे मागणे मागतात. माझे तसे काही नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण तुमच्या शाळेत कुणाची खुर्ची रिकामी असेल, तर पाहुणा कितीही मोठा असो, लाजेखातर तिच्यावर कोणाला बसवू नका. ती बाहेर दारात आणून ठेवा आणि रिकामी आहे तशी दिसू द्या.