कळसाडीच्या पॉटातली थंडी

मित्रांनो, मी एक जुना आईस्क्रीमचा पॉट आहे. बाहेरून सागवानी फळ्यांची बादली, आत जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा आणि वर फिरवायची मूठ, असा माझा थाट. म्हसावदच्या दगा मिस्त्रींनी मला घडवले आणि कळसाडीच्या जसोदाबाईंनी हौसेने घरी आणले.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात अंगणात बर्फ फुटायचा. डब्याभोवती बर्फ आणि जाडे मीठ भरले की माझ्या पोटात अशी थंडी भरायची, की डब्याला बोट लावणाऱ्याचे बोट चिकटायचे. केळीचे आईस्क्रीम खाऊन पाहुणे आधी जसोदाबाईंचे कौतुक करत आणि मग माझे.

पुढे घरात फ्रीज आला. मी माळ्यावर गेलो. काही वर्षे माझ्यात कांदे राहिले, मग तेही नाहीत. एकदा तर मला फोडून बंबात घालायचे ठरले होते.

तेवढ्यात जसोदाबाईंची नात कामिनी धावत आली. ती शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. प्रयोगशाळेतले थंड करणारे यंत्र बंद पडले होते, आणि तिला माझी आठवण झाली.

"काय वं, तुम्हना सरले आईस्क्रीम खावाडनं शे का?" जसोदाबाई हसल्या.

"नही आजी, मन्हा प्रयोगले थंडी पाहिजे."

मित्रांनो, कार्बनचे अणू हात धरून गोल बसतात, त्याला वलय म्हणतात. कामिनीला अशा वलयावर ब्रोमीनचा अणू बसवायचा होता, तोही नेमक्या एकाच बाजूला. थंडी असली की तो ठरल्या बाजूला बसतो. ऊब लागली की काही वर, काही खाली, अशी सरमिसळ होते आणि मग ते निवडणे फार अवघड. त्यासाठी लागणारा पदार्थ तिने सगळा हिवाळा खपून बनवला होता. तो एका चंबूपुरताच उरला होता, आणि प्रकल्प त्याच महिन्यात द्यायचा होता.

पोरीने मला मन लावून घासले आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवले. इथेच चुकले. फ्रीजच्या काळात वाढलेल्या लेकराला काय ठाऊक, की लाकूड वाळले की आक्रसते?

प्रयोगशाळेत माझ्यात बर्फ आणि मीठ भरले. चंबू आत बसला. तापमापी शून्याच्या खाली उतरली. ब्रोमीनचे द्रावण थेंबथेंब पडू लागले, आणि माझ्या फटींतून खारे पाणी भळाभळा वाहू लागले. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

"कामिनी, थेंब थांबव! तापमान चढतंय!" उमाकांत सर ओरडले.

कामिनीने तोटी बंद केली आणि कापसाच्या गुंडाळीतून तुकडा तोडून फटीत कोंबला. तो पुरेना.

"कळसाडीची ना गं तू?" मैत्रीण रिना म्हणाली. "घरात कापसाच्या राशी, आणि इथे चिमूटचिमूट वापरतेस! काढ सगळा!"

दोघींनी फट न् फट बुजवली. सरांनी बर्फ वाढवला. ओला कापूस फुगला, माझ्या फळ्याही पाणी पिऊन फुगल्या. गळती थांबली. तापमापी पुन्हा खाली गेली, तेव्हा कामिनीने तोटी उघडली.

पदार्थ तपासायला जळगावला गेला. निकाल येईपर्यंत ती पोर धड जेवली नाही. तो आला तेव्हा ती माझ्याशेजारी स्टुलावर मटकन बसली आणि तिने घरी फोन लावला.

"आजी, एकच निघनं! सरमिसळ नही!"

"काय एकच? बाकीनं फुटी गयं का?"

कामिनी हसता हसता रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

आता मी प्रयोगशाळेतच असतो. मित्रांनो, आता माझ्यातले आईस्क्रीम मागू नका. जिथे रसायने शिरली, तिथले काही खायचे नसते. पण तुमच्या घरी लाकडाची बादली असेल, तर तिला उन्हात टाकू नका, अधूनमधून पाणी पाजा. आमच्यासारख्यांना एवढेच लागते. रिना दर सोमवारी माझ्यात तांब्याभर पाणी ओतते, आणि मी निवांत फुगून बसतो.